भाल्याची जबानी

शस्त्रांच्या न्यायालयात थोरलीने आजवर एकही खटला जिंकला नव्हता, आणि त्याबद्दल तिला कुणी नावं ठेवत नव्हतं. तिचं काम हरण्याचंच होतं. जाग्या शस्त्राच्या हातून माणूस मेला की शस्त्रावर खटला चाले, आरोपीला वकील द्यावाच लागे, आणि बाकीच्या सगळ्या वकिलांनी कानावर हात ठेवल्यावर जी उरली ती ही. ती उभी राही, "माझ्या अशिलाला काही सांगायचं नाही" असं म्हणे, आणि खाली बसे. मग शस्त्राला मागच्या अंगणातल्या भट्टीकडे मोडायला नेत. तिथपर्यंत वकिलाने सोबत चालायचं असा नियम होता, म्हणून कचेरीतले लोक पाठीमागे तिला शस्त्रांची करवली म्हणत. ते तिच्या कानावर आलं होतं. म्हणेनात का, असं म्हणून तिने सोडून दिलं होतं.

हा कायदा वाईट हेतूने केलेला नव्हता, हे आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर जुन्या सम्राज्ञीवर अन्याय होईल. तिच्या काळी जागी शस्त्रं सरदारांच्या मालकीची असत. एखाद्याच्या घरात अख्खी गल्ली जाळू शकेल असा भाला असे, आणि तो जावयाला द्यायचा की जुगारात लावायचा हे तो एकटा ठरवी. सम्राज्ञीने एका वाक्यात सगळ्यांची नांगी ठेचली. जागं शस्त्र ही वस्तू नाही, ती साम्राज्याची प्रजा आहे, असं तिने जाहीर केलं. प्रजा विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, वारसाने मिळत नाही. ज्याच्या हातात शस्त्र असेल तो मालक नव्हे, नुसता धारक. लोकांनी तेव्हा तिचा जयजयकार केला आणि बरोबरच केलं.

पण प्रजा म्हटली की गुन्हाही आला. शस्त्राला हक्क आहेत तर शस्त्राला शिक्षाही हवी, असं कुणा चतुर माणसाच्या डोक्यातून निघालं, आणि तेव्हापासून शिपायाच्या भाल्याने कुणी मेलं की दोषी भाला ठरू लागला. भाला भट्टीत जाई. धारक निर्दोष सुटे, आणि निर्दोष म्हणूनच त्याला कोठारातून नवा भाला मिळे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. मेलेल्याच्या नातेवाइकांना काहीतरी मोडल्याचा आवाज ऐकायला मिळे, सैन्याला आपला माणूस परत मिळे, आणि संन्याशाची बाजू मांडायला थोरली होतीच.

या खेपेला धारक तिचा सख्खा धाकटा भाऊ होता.

"वकिलाचं आणि आरोपीचं नातं असलं तर खटला दुसऱ्याकडे द्यावा लागतो," न्यायालयाचे शिरस्तेदार तिला म्हणाले. ते नाकावरचा चष्मा पुसत होते. "आता आरोपी कोण? भाला. भाल्याचं आणि तुमचं काही नातं?"

"नाही."

"मग झालं तर. सुंठीवाचून खोकला गेला." चष्मा लावून त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि आवाज जरा उतरवला. "तुमच्या आईंना सांगा, काळजी करू नका. नेहमीसारखंच होईल सगळं."

धाकटा धान्याच्या सरकारी कोठारावर पहाऱ्याला होता. संध्याकाळी तिथे एक दिवेवाला येई, शिडी लावून फाटकावरचे दिवे पेटवी आणि पुढच्या गल्लीत जाई. त्या संध्याकाळी धाकट्याच्या भाल्यातून आग निघाली आणि दिवेवाला शिडीवरच संपला. भाल्याने आपणहून पेट घेतला, मी नुसता धरून उभा होतो, असं धाकट्याने सांगितलं. कोठारापुढे धान्यासाठी बायकांची रांग होती. त्यांच्याही साक्षी झाल्या, पण आरोपी भाला असल्यामुळे त्यांना एकच प्रश्न विचारला गेला. आग भाल्यातून आली का? आली, असं सगळ्यांनी सांगितलं. खोटं कुणीच बोललं नाही.

आई स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसली होती. थोरली समोर बसली आणि तिनेही एक मूठ पुढ्यात ओढली. वडील गेले तेव्हा धाकटा रांगत होता. आई दुसऱ्यांच्या घरी कामाला जाई आणि तो दिवसभर थोरलीच्या कडेवर असे. त्याला अक्षरं तिने गिरवायला शिकवली, शाळेत तिनेच ओढत नेलं. आईचा जीव त्याच्यावर जरा जास्तच होता, पण थोरलीला त्याचा कधी हेवा वाटला नाही. तिचाही होता.

"उभी तूच राहणार ना?" आईने विचारलं.

"मीच. दुसरं आहे कोण?"

"बरं झालं. घरचं माणूस आहे." आईने एक किडकी शेंग बाजूला टाकली. "भाला दोषी ठरला की तो सुटला, असंच ना?"

"हो."

"आणि नाही ठरला तर?"

असं कधी झालंच नव्हतं, त्यामुळे थोरलीला क्षणभर आठवावं लागलं. "मग दोष धारकाचा. मिठाची खाण. जन्मभर."

आईचा हात थांबला. खाणीतून परत आलेला माणूस त्या गावात कुणी पाहिला नव्हता. मग ती पुन्हा सोलू लागली, आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तू नेहमी हरतेसच ना? मग आणखी एकदा हर."

थोरलीला हसू आलं. आईलाही आलं. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसत होतं.

दुसऱ्या दिवशी न्यायालयाच्या ओसरीत दिवेवाल्याची बायको तिला भेटली. वयाने लहान, अंगावर धुतलेले पण इस्त्री न केलेले कपडे. ती कपडे धुण्याचं काम करत असे, हे थोरलीला माहीत होतं. बाई भांडायला आली असेल असं वाटून थोरली सावध उभी राहिली, पण ती भांडली नाही.

"ताई, भाला मोडला की मग संपलं म्हणायचं ना?" तिने विचारलं.

"कायद्याने, हो."

"मग मी रागवायचं कुणावर?" ती खरोखरच विचारत होती. "लोखंडावर रागवता येत नाही हो. मी करून पाहिलं. परवा दिवसभर बसून प्रयत्न केला."

थोरली "बघू" असं काहीतरी पुटपुटली आणि पायऱ्या उतरून तळघरातल्या शस्त्रकोठडीकडे निघाली. आरोपीला खटल्याआधी एकदा भेटणं वकिलाला बंधनकारक होतं. एरवी ती दारातूनच डोकावून परत फिरे.

कोठडीचा रखवालदार गुडघ्यांनी अधू होता. त्याने बसूनच कुलूप काढलं आणि खुंटीवरचे जाड चामड्याचे हातमोजे तिच्याकडे दिले. भाला लाकडी घोडीवर उभा होता, आणि कैद्याला बेडी हवीच म्हणून त्याच्या दांड्याला साखळी घातलेली होती. कैद्याला पाण्याचाही हक्क असतो. त्यामुळे भाल्यापुढे रोज तांब्याभर पाणी ठेवत आणि दुसऱ्या दिवशी तेच अंगणातल्या झाडांना घालत. वर झरोक्यातून दुपारचं ऊन येत होतं. एवढ्या उजेडात तो भाला अगदीच साधा दिसत होता.

हातमोज्यांची गोष्टही सांगायला हवी. मूळ कायद्यात स्वच्छ लिहिलं होतं की शस्त्राची जबानी न्यायाधीशाने उघड्या हाताने घ्यावी. जागं शस्त्र बोलत नाही, पण त्याची मूठ उघड्या तळव्याने धरली की शेवटच्या धारकाच्या हातून काय झालं ते धरणाऱ्याला कळतं. नव्या हातात ते पेटत मात्र नाही. त्यासाठी सैन्यातली शपथ लागते. पुढे एका न्यायाधीशांनी अशी जबानी घेतली आणि भर न्यायालयात ते ओक्साबोक्शी रडले. सरकारची शोभा झाली. मग सुरक्षेचं कारण निघालं, मोजे आले, आणि जबानी मोज्यांनिशी घेण्याची रीत पडली. मोज्यातून काहीच कळत नाही, त्यामुळे आरोपीला काही सांगायचं नाही असंच दर वेळी निष्पन्न होई. लोक डोळ्यांवर कातडं ओढतात, न्यायालयाने ते हातांवर ओढलं होतं.

थोरलीने मोजे घातले, आणि मग उजवा काढला.

असं तिने पूर्वी कधी केलं नव्हतं, आणि आताही काही न्यायासाठी केलं नाही. तिला फक्त स्वतःच्या मनाची खात्री करून घ्यायची होती. दिवेवाल्याच्या बायकोचा प्रश्न डोक्यातून जात नव्हता. आपला धाकटा निर्दोष आहे, भाल्यानेच घात केला, एवढं एकदा कळलं की ती नेहमीसारखी उभी राहून खाली बसायला मोकळी होती. माणसाने आपल्या माणसावर एवढा विश्वास टाकू नये, पण टाकतो. तिने मूठ धरली.

आधी त्याचा हातच जाणवला. बाहेर राहणारा अंगठा. पाटीवर अक्षरं गिरवताना ती तो अंगठा आत दुमडायची आणि तो पुन्हा बाहेर यायचा. तळव्याचा घाम, तसाच. तिचे डोळे भरून आले. मग बाकीचं आलं.

कोठाराचं फाटक. रांगेतल्या बायकांसमोर हवालदार त्याला मळक्या पट्ट्यावरून फैलावर घेऊन नुकताच गेला होता. शिडीवरून दिवेवाला म्हणाला, "शिपाईसाहेब, तो पट्टा आमच्या बायकोकडे द्या, लख्ख करून देईल." बोलण्यात विष नव्हतं. तो हसला, बायका हसल्या. धाकट्याची कानशिलं तापली. त्याने भाला उचलला, आणि भाला मागे सरला. शाळेला न जाणारं पोर ओढतं तसा तो मागे ओढत होता, सगळ्या अंगानं. धाकट्याने दुसरा हात लावला आणि जोर करून त्याला पुढे रेटलं.

पुढचं तिला माहीत होतं. पण त्याच्या पुढचंही होतं. आग निघून गेल्यावर धाकट्याची कानशिलं थंड झाली होती. त्याला बरं वाटलं होतं.

तिने हात सोडला तेव्हा रखवालदार दारातून विचारत होता, "झालं का, बाई? काही म्हणाला का आरोपी?" त्याचा हा नेहमीचा विनोद होता. ती मोजे त्याच्या हातात देऊन वर आली.

धाकट्याला बराकीतच नजरकैदेत ठेवलं होतं. नजरकैद म्हणजे नावापुरती. खोलीला खिडकी होती, बाहेर दोस्त गप्पा मारत होते, आणि तो खाटेवर बसून पट्ट्याला चामड्याचं तेल चोळत होता. तिला पाहून त्याचा चेहरा उजळला.

"ये ताई! आई कशी आहे? जेवते ना नीट? तिला सांग, आता थोडेच दिवस." त्याने तिला बसायला खाट झटकली. "नवा भाला बघून आलो. याच्यापेक्षा हलका आहे."

"तुला काही वाटतं का रे?"

"वाटतं ना. वाईट वाटतं. रोज दिसायचा बिचारा."

"भाल्याने असं का केलं असेल?"

"लोखंडाचं काय सांगावं," तो म्हणाला आणि पट्टा उजेडात धरून पाहू लागला.

"मी त्याला हात लावला."

"मोजे होते ना?"

"नव्हते."

त्याने पट्टा मांडीवर ठेवला. बाहेरची पोरं कशावरून तरी खिदळत होती. तो उठला, खिडकी लावून घेतली, आणि परत बसला.

"तो हसला, ताई," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर."

लहानपणी कुणी मारलं तर तो असाच येऊन सांगायचा, खालचा ओठ किंचित पुढे काढून. आणि ती पदर खोचून भांडायला जायची. तिचा हात आपोआप त्याच्या डोक्याकडे गेला आणि वाटेतच थांबला.

"तू काही बोलणार नाहीस," तो म्हणाला. हा प्रश्न नव्हता. "तुझ्या कडेवर वाढलोय मी."

"नवा भाला हातात आल्यावर पुन्हा कुणी हसलं तर?"

त्याने खरंच विचार केला. तेवढं त्याच्या बाजूने म्हणता येईल, की त्याने बहिणीला फसवलं नाही. मग म्हणाला, "आता हसणार नाहीत."

इकडे आड तिकडे विहीर असती तरी बरं होतं. विहिरीत माणूस निदान स्वतः उडी मारतो. थोरलीला जे करायचं होतं त्यात उडी दुसऱ्याची होती. त्या रात्री आईने आधी तिच्या ताटात वाढलं, जसं ती फक्त धाकट्याला वाढत असे, आणि थोरलीने मान खाली घालून सगळं संपवलं.

खटल्याच्या दिवशी दालन अर्धं रिकामं होतं. निकाल ठरलेला असला की बघे कशाला येतील? पुढच्या बाकावर दिवेवाल्याची बायको होती. दुसऱ्या बाजूला आई, आणि तिच्या शेजारी दोन शिपायांमध्ये धाकटा, कडक गणवेशात. पट्टा चकाकत होता. भाला मधल्या कठड्यात साखळीने बांधून उभा केला होता. न्यायाधीश वयस्कर होते आणि क्वचित बोलत, म्हणून त्यांचं नाव मौनीबाबा पडलं होतं. ते मोजे घालूनच येऊन बसले. भाला त्यांच्यासमोर धरण्यात आला, त्यांनी मोज्याने त्याला स्पर्श केला, मान हलवली, आणि सरकारी वकील बोलायला उठले. आग भाल्यातून आली, साक्षी एकमताच्या आहेत, असं सांगून ते बसलेसुद्धा.

"आरोपीच्या वकील," शिरस्तेदारांनी पुकारलं. मागे एक शिपाई भट्टीकडे निरोप द्यायला निघालाही होता.

थोरली उभी राहिली. तिने मेजाची कड धरली.

"माझ्या अशिलाला बोलायचं आहे," ती म्हणाली.

शिरस्तेदारांनी चष्मा काढला. दालनात कुणाला नीट समजलंच नाही. न्यायाधीश म्हणाले, "जबानी आताच झाली, बाई. रीतसर."

"रीतसर झाली, कायद्याप्रमाणे नाही झाली. कायदा उघड्या हाताने म्हणतो. मी काय ऐकलं ते मी सांगत नाही, वकिलाची साक्ष चालत नाही. जबानी साहेबांनीच घ्यायची असते. आरोपीच्या वतीने मी तेवढंच मागते."

"साहेबांच्या जिवाला धोका आहे!" सरकारी वकील ओरडले. "इतक्या वर्षांचा प्रघात आहे."

"ताई!" धाकटा ओरडला. आणि त्या एका हाकेने दालनातल्या सगळ्यांना कळलं की यात काहीतरी आहे. आई त्याच्याकडे बघत राहिली, मग थोरलीकडे. तिच्या तोंडावर राग नव्हता अजून. तिला वाटत होतं, लेकीचं काहीतरी चुकतंय, कुणीतरी तिला सांगायला हवं.

न्यायाधीश स्वतःच्या हातांकडे बघत होते. मोजे जुने होते, बोटांशी काळे पडलेले. थोरलीने इतकी वर्षं त्यांच्यासमोर उभी राहून त्यांना ओळखलं होतं, आणि आज प्रथमच तिला दिसलं की हा माणूस घाबरलाय, आणि तो आगीला घाबरलेला नाही. हा भाला बोलू शकतो तर आधीचेही बोलू शकले असते. त्या सगळ्यांना भट्टीत पाठवणारी सही याच माणसाची होती.

"साहेब," ती हळू म्हणाली, "त्यांच्याबरोबर भट्टीपर्यंत मीही चालत गेलेय."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग एकेक बोट ओढत उजवा मोजा काढला. आतला हात पांढरा आणि मऊ होता, पाण्यात फार वेळ राहिल्यासारखा. भाला त्यांच्यासमोर धरण्यात आला आणि त्यांनी मूठ आवळली.

आधी काहीच झालं नाही. मग त्यांची कानशिलं लाल झाली. शांत म्हाताऱ्या चेहऱ्यावर एका तरण्या माणसाचा अपमान चढला, जबडा आवळला, आणि दुसरा हात आपोआप उचलून मुठीवर आला. मग तो सगळा ताण उतरला. त्यांनी भाला सोडला आणि खुर्चीत मागे टेकले.

"बरं वाटलं त्याला," ते म्हणाले. कुणाला उद्देशून म्हणाले ते कळलं नाही.

निकाल त्यांनी बसूनच सांगितला, बारीक आवाजात. भाला शेवटपर्यंत मागे ओढत होता. भाला निर्दोष. धारकाने दोन्ही हातांनी जोर करून त्याला पुढे लोटलं. धारकाला मिठाची खाण, जन्मभर. शिरस्तेदारांना हे लिहायला कसं घ्यायचं तेच कळेना, कारण असं वाक्य त्यांनी कधी लिहिलं नव्हतं.

धाकट्याला नेताना तो किंचाळला नाही. दाराशी त्याने मागे वळून थोरलीकडे पाहिलं, लहान पोर गर्दीत हात सुटल्यावर पाहतं तसं. ते पाहणं तिने सहन केलं. आजही करते आहे. दिवेवाल्याची बायको जागेवरून उठली होती आणि त्याच्या पाठीकडे बघत होती. मग ती मोठमोठ्याने, शिव्या देत, छाती पिटून रडू लागली. तिला रागवायला माणूस मिळाला होता. तिने थोरलीचे आभार मानले नाहीत, आणि मानले असते तर थोरलीला ते घेता आले नसते. आई केव्हा उठून गेली ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

निर्दोष सुटलेल्या प्रजेला घरी पोचवणं हे वकिलाचं काम असतं. हे कलम थोरलीला कधी लागलंच नव्हतं. शिरस्तेदारांनी ते दोनदा वाचलं. नवा धारक नेमला जाईपर्यंत शस्त्राचं घर म्हणजे जुन्या धारकाचं घर.

"म्हणजे तुमच्याच घरी, बाई," ते म्हणाले. त्यांना तिच्याकडे बघवत नव्हतं. रखवालदाराने साखळी काढली आणि मोजे दिले.

ती भर दुपारी भाला घेऊन रस्त्याने निघाली. बातमी तिच्या पुढे पोचली होती. दुकानदार गिऱ्हाईक सोडून बघत होते, बायका पोरांना आत ओढत होत्या, आणि समोरून येणारे भिंतीला चिकटून वाट देत होते. भाल्याला भिऊन की तिला, हे तिला कळत नव्हतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला सांगणार? भाला जड होता. तिने तो खांदा बदलून बदलून नेला.

आई दारात उभी होती. घरात चूल पेटलेली नव्हती. तिने आधी थोरलीकडे पाहिलं, मग भाल्याकडे.

"त्याला पाठवलंस आणि हे घेऊन आलीस," ती म्हणाली.

"आई..."

"काय ऐकलंस तू? कुठल्या लोखंडाचं ऐकून माझ्या पोराला..." तिचा आवाज फुटला. "मी जन्म दिलाय त्याला. मला माहीत आहे तो. मुंगी मारत नव्हता. घाबरला असेल, हात कापला असेल. तू काय सांगतेस मला?"

आई पुढे झाली आणि भाला घ्यायला तिने हात केला.

"आई, थांब. मोजे घाल." थोरलीने भाला मागे घेतला. "मुठीला धरू नकोस. ऐक माझं, आज नको."

"माझ्या लेकाने धरलेलं मी मोज्याने धरू?" आई म्हणाली, आणि तिने दोन्ही हातांनी मूठ पकडली.

थोरलीला ते बघायचं नव्हतं, तरी ती बघत राहिली. आधी आईचा चेहरा मऊ झाला. अंगठा, बहुतेक. तो तिलाही ठाऊक होता. मग तिची कानशिलं तापताना दिसली. ओठ घट्ट मिटले, खांदे पुढे आले, आणि तिच्या म्हाताऱ्या हातांनी भाला एकदा पुढे रेटला, रिकाम्या रस्त्याकडे. आणि मग ते आलं जे थोरलीने कुणालाच सांगितलं नव्हतं. आईच्या कपाळावरची आठी क्षणभर मोकळी झाली.

ती उंबऱ्यावर बसली. भाला तिच्या मांडीवर आडवा पडला होता आणि तिची बोटं अजून मुठीवर होती, पांढरी पडलेली.

थोरली खाली वाकली आणि हळूच ती बोटं सोडवू लागली. "दे इकडे, आई. सोड आता. मी आत ठेवते."

आईने भाला उराशी ओढून घेतला.

"राहू दे," ती म्हणाली. "त्याचाच हात आहे हा. जसा आहे तसा."